बेहडाटोल्याची आड

माझी पलटण ग्लेशियरवर चढली तेव्हा आमच्या कंपनीत जंगलातली माणसं दोनच होती. एक मी, नायक यशवंत रामटेके, रेडिओ सांभाळणारा. दुसरा लान्स नायक सोमा हलामी. दोघंही एकाच गावचे, बेहडाटोल्याचे. धानोऱ्याहून आत, रस्ता संपतो तिथून पुढं. भरती झालो तेव्हा आमचा जिल्हा चंद्रपूर होता, म्हातारे त्याला चांदाच म्हणायचे. दोन-तीन सुट्ट्या झाल्या आणि जिल्हा गडचिरोली झाला. आमच्या कागदांवर मात्र चंद्रपूरच राहिलं. सोमा म्हणायचा, "गाव जाग्यावरच हाये बे, जिल्हा पळून गेला."

हे लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. आमच्या गावाच्या तोंडाशी स्मारक आहे. पंधरा ऑगस्टला शाळेची पोरं तिथं आणतात आणि मला दोन शब्द बोलायला लावतात. मला भाषण जमत नाही. पोरं दरवर्षी तेच विचारतात. जवान एक गेला, मग दगड दोन कसे? बंदूक कुठाय? आणि समोर ही सिमेंटची फुली काऊन मारली? मागच्या वर्षी एका नव्या मास्तरानं मलाच समजावलं की ती तलवारींची खूण आहे. डोकं फिरलं माझं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं होती ती. आमच्या पोस्टवर दिवस सगळे सारखे. स्टोव्ह पेटवायचा, बर्फ वितळवायचा, चहा करायचा, तो गार व्हायच्या आत प्यायचा. रेडिओची बॅटरी मी अंगाशी धरून झोपायचो, नाहीतर सकाळी ती मेलेली असायची. ठरलेल्या वेळी बेसला रिपोर्ट. "ऑल ओके. ओव्हर." मग पुन्हा स्टोव्ह.

थंडीचं सगळे विचारतात. थंडीची सवय होते. मला खाल्लं ते शांततेनं. आमचं जंगल कधी गप्प बसत नाही. पान पडतं, किडा ओरडतो, लांब कुठंतरी कुऱ्हाड चालते. तिथं वारा थांबला की काहीच नाही. माणूस स्वतःच्या कानातलं रक्त ऐकतो. मी दिवस-दिवस कोणाशी बोलायचो नाही, आणि मग रात्री एकटाच पुटपुटायचो. सोमाला हे कळलं होतं. मी फार वेळ गप्प राहिलो की तो तंबूत बसून रानकोंबड्यासारखा आरवायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो.

सगळ्यात जास्त हसायचा सिपाही दलीप. पोरसवदा होता, हिमाचलकडच्या डोंगरातला. त्याला बर्फाची भीती नव्हती. त्याला भीती वाटायची वाघाची, आणि वाघ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सोमा त्याला रोज एक वाघ सांगायचा. मोहाखाली बसलेला वाघ, नाल्यात पाणी पिणारा वाघ, शाळेच्या मागं फिरून गेलेला वाघ. त्यातले निम्मे खोटे होते.

"मुझे एक दिखा दे, उस्ताद," दलीप म्हणायचा.

"छुट्टी में मेरे गाँव आ. याया रोटी देगी, वाघ मैं दूँगा."

याया म्हणजे गोंडीत आई. सोमाच्या आईचं नाव जुरीबाई. सोमाचे वडील तो लहान असतानाच वारले होते. भाऊ-बहीण कोणी नाही. माय-लेक दोघंच. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या एका बाजूला, हलामींची घरं दुसऱ्या. पण सोमा आणि मी एकाच शाळेत, एकाच पाटीवर शिकलो. चंद्रपूरला भरतीलाही बांबूच्या एकाच ट्रकवर बसून गेलो होतो.

आता आड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या गावात रानात पुढं गेलेला माणूस मागच्यासाठी खूण ठेवतो. एक डहाळी वाटेवर उभी टाकली की अर्थ असा, मी इकडून गेलो, तूही ये. दोन डहाळ्या एकमेकींवर फुलीसारख्या टाकल्या की ती आड. वाट बंद. माझ्यामागं येऊ नको. पुढं अस्वल असेल, दलदल असेल, काहीही असेल. का ते विचारायचं नाही. तुमचा बैल पलीकडं गेला असला तरी आड ओलांडायची नाही. आणि तिला हातही लावायचा नाही. ज्यानं टाकली त्यानंच परत आल्यावर उचलायची. गोंड, बौद्ध, गोवारी, गावातला कोणीही हे मोडत नाही.

ट्रेनिंग सेंटरमध्ये सोमानं एकदा बाथरूमकडच्या वाटेवर निंबाच्या दोन डहाळ्या टाकल्या होत्या. पावसानं नालीचं झाकण वाहून गेलं होतं. मी बघितलं आणि लांबून फिरून गेलो. आमचा ड्रिलचा उस्ताद कडक होता. "ये कचरा किसने फेंका?" म्हणत त्यानं डहाळ्या बुटानं उडवल्या आणि चार पावलांवर कंबरेपर्यंत नालीत गेला. सोमाला शिक्षा झाली. राफ्फल डोक्यावर धरून ग्राउंडाला चक्कर. पळता पळता मला म्हणाला, "म्या तं सांगतलं होतं, त्यानं वाचलं नाई!"

ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी आम्हाला खालच्या पोस्टवर जायचं होतं. सामान आणायचं, परत यायचं. नेहमीचं काम. आमचे कमांडर नायब सुभेदार साहेब, नोकरीत केस पांढरे झालेला शांत माणूस. रस्ता बघायला पुढं सोमा आणि दलीप, दोघं एका दोरावर. मागं थोडं अंतर सोडून साहेब, मी आणि दोन सिपाही. पुढं एक रेडिओ, मागं माझ्याकडं एक. सकाळी ऊन होतं. दुपारी धुकं उतरलं आणि पुढचे दोघं दिसेनासे झाले. त्यांचे पाय उमटलेले दिसत होते, त्यावरून आम्ही चालत होतो.

रेडिओ खरखरला. सोमा होता.

"दलीप गिरा है. दरार में. ओव्हर."

"जिंदा है?"

"आवाज आ रही है. रस्सा मैंने गाड़ दिया है. निकालता हूँ."

साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला. "रुको. हम आ रहे हैं. ओव्हर."

"मत आना साब. ऊपर की बर्फ चल रही है. वजन नहीं लेगी. रास्ता बंद किया है."

मग थोडा वेळ नुसती खरखर. साहेबांनी सेट मला परत दिला. सोमा पुन्हा बोलला, पण या वेळी हिंदीत नाही.

"यशवंता, आड टाकली हाये. समजलं ना?"

"समजलं," मी म्हणालो.

"दोघं येतो. तोवर तिथीच थांब."

एवढंच. त्यानंतर तो सेट बोलला नाही. मी हाका मारत राहिलो. साहेबांनी विचारलं, "क्या बोला वो?" मी म्हणालो, "रास्ता बंद, साब." त्यांना वाटलं, पुढं कुठंतरी रस्ता अडला आहे, तिथवर तरी जाता येईल. आम्ही पावलांवरून चालत गेलो, आणि धुक्यात मला ती दिसली. दोन काठ्या, बर्फावर चालताना हातात धरतात त्या. एक सोमाची, आणि एक दलीपची, तो पडला तेव्हा त्याच्या हातून वर राहिलेली. पावलांच्या वाटेवर फुलीसारख्या टाकलेल्या. घाईत टाकलेल्या नव्हत्या. नीट, एकीच्या मधोमध दुसरी.

साहेब पुढं निघाले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. नायब सुभेदाराच्या वाटेत नायक उभा राहत नाही, ते मला कळत होतं.

"हट, रामटेके."

"आगे नहीं, साब. उसने मना किया है."

ते काही बोलणार एवढ्यात पायाखाली घरघर झाली. काठ्यांच्या पलीकडची बर्फाची अख्खी पाटी खाली बसली. आवाज फार मोठा नव्हता, धान्याची कोठी रिती करताना होतो तेवढाच. मग बर्फाचा धुरळा. तो खाली बसला तेव्हा काठ्यांच्या पलीकडं सोमाची पावलं नव्हती, काही नव्हतं. काठ्या जिथल्या तिथं होत्या. आम्ही चौघं त्यांच्या अलीकडं उभे होतो.

शोध घेतला. बेसवरून माणसं आली, दोर आले, दुसऱ्या बाजूनं उतरून पाहिलं. हवा बिघडायची, सुधारायची, पुन्हा बिघडायची. मी माझ्या पायांकडं बघितलं नाही, म्हणून पुढं दोन बोटं गेली. शेवटी वरून ऑर्डर आली, सर्च बंद. काहीच मिळालं नव्हतं, टोपीसुद्धा नाही. निघताना एका सिपायानं त्या काठ्या उचलायला हात घातला, सरकारी सामान म्हणून. मी त्याच्यावर इतका जोरात ओरडलो की तो दचकला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"जिसने रखी है, वही उठाता है, साब," मी म्हणालो.

साहेबांनी काठ्यांना सॅल्यूट केला आणि म्हणाले, "चलो."

मी दवाखान्यात पडलो होतो तेव्हा गावाला तार गेली. इंग्रजीत होती. त्यात लिहिलं होतं, मिसिंग. शाळेचे मास्तर भला माणूस. त्यांनी जुरीबाईला वाचून दाखवलं, "सोमा हरवला आहे." मास्तरांची काही चूक नाही. शब्दाचा अर्थ तोच. पण आमच्याकडं हरवला म्हणजे मेला नव्हे. हरवला म्हणजे भुलला. रानात भुलनवेल असते म्हणतात. तिच्यावर पाय पडला की माणसाला वाट सापडत नाही, घराच्या आसपासच गोल गोल फिरत राहतो. अशा माणसासाठी गावाच्या तोंडाशी आग लावायची. दिवसा धूर दिसतो, रात्री जाळ दिसतो, आणि तो येतो. तो येईपर्यंत आग विझू द्यायची नाही. त्याच्या नावानं रडायचं नाही, दगड उभा करायचा नाही. हलामींमध्ये मेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. जिवंताचा दगड केला तर तो खरंच मरतो, अशी समजूत.

जुरीबाईनं आग लावली.

मी सुट्टीवर आलो ते मोहफुलांचे दिवस होते. धानोऱ्यापर्यंत एसटी, पुढं ठेकेदाराच्या ट्रकवर. लंगडत गावाकडं चाललो होतो. पहिल्यांदा धूर दिसला. वाटलं, मोहाखालचा पाला जाळत असतील. जवळ आलो तर वाटेच्या कडेला कुडाचं छोटं छप्पर, त्याखाली साजाच्या झाडाचे दोन जाड ओंडके तोंडाला तोंड लावून जळताहेत, आणि शेजारी जुरीबाई बसलेली. पावसाळा, हिवाळा तिनं तिथंच काढला होता. आधी गावातल्या बायका आळीपाळीनं बसायच्या. मग ज्याची त्याची कामं. शेवटी ती एकटी राहिली. मोह वेचायलाही जात नव्हती. तिचं झाड दुसऱ्यांनी वेचलं.

मला बघून ती उठली नाही.

"जोहार, याया."

"तू आलास," ती म्हणाली. मग माझ्या मागच्या वाटेकडं बघितलं, बराच वेळ. "एकटाच?"

मला वाटलं होतं, गावाला सगळं कळलेलं असेल. मी दवाखान्यात एक वाक्य तयार केलं होतं. ते विसरून एवढंच म्हणालो.

"सोमा नाई राह्यला, याया."

"तू पाह्यलास का? मेलेला?"

आजूबाजूला माणसं जमली होती. सरपंच होते, मास्तर होते. माझा बाप लांब उभा होता. हो म्हणालो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं मला जमलं नसतं.

"नाई पाह्यला."

"मंग कायले बोलतोस?" ती म्हणाली, आणि ओंडका पुढं सरकवला.

घरी आल्यावर सरपंचभाऊ पाठोपाठ आले. स्मारकाचं मंजूर झालं होतं. गडचांदूरकडून सिमेंटची पोती येऊन शाळेत पडली होती. पंचायत समितीचे ओव्हरसियर नकाशा घेऊन दोनदा येऊन गेले. चौकोनी ओटा, त्यावर निमुळता खांब, खांबावर उलटी बंदूक, बंदुकीवर टोप आणि खाली संगमरवरावर सोमाचं नाव. जुरीबाईनं दोन्ही वेळा जळतं लाकूड घेऊन त्यांना पळवून लावलं.

"माह्या जित्त्या पोराचा दगड करता का, म्हणे!" सरपंच म्हणाले. "पावसाळ्यात ते सिमेंट गोटा होऊन जाईन, यशवंता. तुलेच सांगतो, तुह्यंच आयकन ते."

"सिमेंटासाठी सांगू का मी तिले?" मला रागच आला.

ते बिचारे वरमले. म्हणाले, "सिमेंट जाऊ दे. म्हातारी मरन तिथी. मागच्या श्रावणात तापानं फणफणली होती, तरी उठली नाई. आमच्यानं पाहवत नाई बापा."

तेव्हा मला कळलं की खरा प्रश्न स्मारकाचा नव्हताच. ती आग जळत होती तोवर जुरीबाई तिथून उठणार नव्हती, आणि पुढचा पावसाळा तिला झेपणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. आईनं दिलेली आंबील नेली. आता माणसं नव्हती. मी आगीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. ती आंबील प्याली. जवळच मोहाची फुलं पडत होती, टप टप आवाज येत होता, आणि मला एकदम त्या बर्फातल्या शांततेची आठवण आली. रडू आलं मला. ती बघत होती.

"तुह्या पायाले काय झालं?"

"दोन बोटं गेली. बर्फानं."

"त्याले हुडकताना?"

"हो."

तिनं ओंडका नीट केला. मग म्हणाली, "शेवटचा काय बोलला तो? खरं सांगजो."

मी सांगितलं. पहिल्यापासून. दलीप कसा खाली गेला, सोमानं दोर कसा गाडला. हिंदीत काय म्हणाला तेही सांगितलं, वाट बंद केली आहे.

"कशानं बंद केली?" तिनं विचारलं.

"आड टाकली, याया."

तिचा हात ओंडक्यावर होता, तो थांबला. "आड? त्यानं?"

"हो. दोन काठ्यांची. म्या डोळ्यानं पाह्यली. तेवढंच पाह्यलं."

"कोणाच्या काठ्या?"

"एक त्याची, एक त्या पोराची."

"उचलली का कोणी?"

"नाई. कोणाले हात नाई लावू देला."

ती बराच वेळ आगीकडं बघत राहिली. तोंडात काहीतरी मोजल्यासारखे ओठ हलत होते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, जशी बाजाराची गोष्ट सांगावी तशी, "भुललेला माणूस आड नाई टाकत, यशवंता. भुललेल्याले वाट कोठी असते बंद कराले? माह्या पोराले माईत होतं. कुठी चालला ते माईत होतं त्याले."

आंबिलीचं रिकामं भांडं मी बाजूला ठेवलं.

"मले वाटे, तो एकटा फिरून राह्यला. मले हाका मारून राह्यला." तिचा आवाज इथं फाटला. "येऊ नोका म्हणून गेला तो. अन मी बसली इथी, ये ये करत."

तिनं आगीवर पाणी ओतलं नाही. एकमेकांना टेकलेले दोन ओंडके ओढून वेगळे केले. एक इकडं, एक तिकडं. ते थोडा वेळ धुमसले आणि विझले. मग ती गावाकडं तोंड करून रडली. बायका धावत आल्या. वर्षभर अडवून धरलेलं ते रडणं होतं. मी तिथून उठून गेलो.

पुढचं सगळं तिनंच ठरवलं. ओव्हरसियर पुन्हा आले तेव्हा ती हातात काही न घेता त्यांच्यासमोर बसली. बिचारे तरीही लांबच उभे होते.

"बंदूक नोको," ती म्हणाली. "दगड उभा करा. आमच्या नाल्यातला. अन समोर आड करा."

"आड म्हणजे?"

मी जमिनीवर दोन काड्या टाकून दाखवल्या. ओव्हरसियर माझ्याकडं बघायला लागले. "अहो रामटेके, ही तर फुली. शहिदाच्या स्मारकावर फुली? पेपरात चुकीच्या उत्तरावर मारतात ती? साहेब मला सस्पेंड करतील."

"तर व्हा सस्पेंड," मी म्हणालो. सरपंचांनी माझा हात दाबला. मग मी त्यांना बर्फातलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "सजावट म्हणून दाखवतो."

"अन दगड दोन," जुरीबाई म्हणाली.

"दोन कोणाचे?"

"आडीत काठ्या दोन हायेत ना? एकट्याचा दगड कसा करता? ज्याले आणाले गेला त्याले तसाच ठेवता का भाईर?"

इथं मात्र गायता अडून बसला. गायता म्हणजे गावचा देवाचं करणारा म्हातारा. तो म्हणाला, दगड ज्याचा त्याच्या माणसांनीच वाहून आणायचा असतो. परका दगड कोण उचलणार? परक्याच्या हातात दगड जड होतो, जागचा हलत नाही. जुरीबाई माझ्याकडं बघायला लागली.

"दलीपचा दगड आमी आणतो," मी म्हणालो.

घरी येऊन बापाला सांगितलं. बाप छप्पनला दीक्षा घेतलेला माणूस, या गोष्टींचा पक्का विरोधक. तो बिडी ओढत बसला. म्हणाला, "आपण हे मानत नाई."

"माईत हाये, बाबा."

"मानत नाई," तो पुन्हा म्हणाला. मग बिडी विझवली. "पन कोणाचं तरी पोर व्हय ते. दगड दगडच असते. उचलाले काय जाते?" आणि वस्तीत जाऊन स्वतः माणसं गोळा केली.

नाल्यातून दोन दगड निघाले. सोमाचा हलामींनी आणला, दलीपचा आमच्या वस्तीनं. बांबूच्या कावडीला वेलीनं बांधून, चढावरून. सोमाचा वाटेत दोनदा खाली ठेवावा लागला. आमचा सरळ आला. गायता म्हणाला, "पोट्ट्याले यायचंच होतं." बाप खांदा चोळत होता.

आग होती त्याच जागी ओटा बांधला. ओट्यावर घडवलेलं काही नाही, दोन दगड नाल्यातून निघाले तसेच. खाली दोघांची नावं. समोर, वाटेच्या बाजूला, सिमेंटची आड. गवंडी गडचांदूरकडचा होता. त्याला मी विचारलं होतं, बर्फातल्या काठ्यांसारखं करता येईल का. जुरीबाई म्हणाली, "थे काठ्या मी नाई पाह्यल्या. डहाळ्या करा, साजाच्या." त्यानं दोन खऱ्या डहाळ्या समोर ठेवून सालीसकट तशाच केल्या.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. बँड नव्हता, ढोल होता. पाहुण्यांच्या हातात हार दिले. ते ओट्याकडं निघाले, दगडांना हार घालायला, आणि आडीवरून पाय उचलला.

"थांब!" जुरीबाई ओरडली.

पाहुण्यांचा पाय हवेतच राहिला. सरपंचांना घाम फुटला. मी पुढं होऊन पाहुण्यांच्या कानात सांगितलं. माणूस समजदार होता. त्यानं पाय मागं घेतला, वाकला आणि दोन्ही हार आडीच्या अलीकडं जमिनीवर ठेवले. तेव्हापासून हार तिथंच ठेवतात.

जुरीबाई पुढं बरीच वर्षं जगली. मोह वेचायला जायची. दलीपच्या गावाला मी चिठ्ठी लिहिली होती, उत्तर आलं नाही. पुढं कधीतरी त्याचा मामा आला. दोन दिवसांचा प्रवास करून, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. हिंदी थोडी, गोंडी शून्य. जुरीबाईनं त्याला भाकर वाढली. त्या रात्री नाल्यावर वाघ ओरडला. मामा घाबरून उठून बसला. जुरीबाई अंधारातच म्हणाली, "आयक म्हणा त्याले. सोमानं कबूल केलता." मी हिंदीत सांगितलं. मामा तोंडावर पंचा घेऊन रडला.

आता जुरीबाई नाही. माझा बाप नाही. पोरं नोकरीला ऊर्जानगरला. बायको गेली तेव्हापासून घरात बोलायला कोणी नाही. पुन्हा दिवस-दिवस गप्प जातात. रानकोंबडा ओरडला की अजून मान वळते. मग संध्याकाळी काठी घेऊन स्मारकापर्यंत चालत जातो आणि आडीच्या अलीकडं बसतो. दगडांभोवती गवत माजतं. नवे मास्तर मला विचारतात, "काका, तुम्ही तर त्यांचे सोबती. पलीकडं जाऊन साफ का नाही करत?"

लान्स नायक सोमा हलामी. सिपाही दलीप. दोघं येतो म्हणाला होता सोमा. आड अजून उचललेली नाही. मला तिथीच थांब म्हणाला होता तो, मी थांबलोय.